दुसऱ्याच्या कानाने

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज तो जसा आहे तसा कधीच ऐकू येत नाही. आवाज हवेतून कानापर्यंत येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, आणि हाडं खालचे, जाड नाद जास्त वाहून आणतात. त्यामुळे आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. तोच रेकॉर्ड करून ऐकला की ही कोण बारीक आवाजाची बाई, असा प्रश्न पडतो. व्हायोलिन वाजवणारा आपलं वाद्य मित्राच्या हातात देऊन सभागृहाच्या मागे जाऊन उभा राहू शकतो. आम्हाला ती सोय नाही. सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात माइकशिवाय, स्त्रीच्या आवाजाच्या वरच्या टोकाला गाणारी गायिका. ती जितकी वर जाते तितका हा घोळ वाढतो. आतून गोड वाटणारा स्वर बाहेर पुष्कळदा कोंडलेला असतो, आणि आतून कर्कश वाटणारा बाहेर मोकळा. म्हणून माझ्या उमेदवारीच्या वर्षांची हकिगत मुख्यतः दुसऱ्यांच्या कानांची हकिगत आहे.

पहिला कान आमच्या मास्तरांचा. मी वसईतल्या एका ख्रिस्ती गावात वाढले. घरी कादोडी, शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी मिस्सा. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली, पण आजीच्या पिढीला लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती. अर्थ विचारला तर आजी म्हणायची, "देवाला कळतो ना, मग झालं." मास्तरांना हे मुळीच मान्य नव्हतं. ते रेल्वेत नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी कॉयरची तालीम घ्यायचे. डावा हात पेटीच्या भात्यावर, उजव्या हाताच्या बोटांखाली चारही आवाजांचे स्वर, आणि मान आमच्याकडे वळलेली. त्यांचा आग्रह एकच: शब्द कळला पाहिजे. "म्हातारीला शब्द कळला नाही तर ती प्रार्थना नव्हे, नुसता आवाज," असं ते म्हणायचे आणि चुकलेला शब्द आम्हाला न गाता, नुसता बोलून दाखवायला लावायचे.

मला सोप्रानोत टाकलं ते माझा आवाज वर जायचा म्हणून, एवढंच. आमच्याकडे लग्नात ब्रास बँड असतो, क्लॅरिनेट-ट्रंपेट वाजवणारी माणसं गावोगाव आहेत, त्यामुळे पाच रेघांचा कागद मला परका नव्हता. रोममध्ये शिकून आलेल्या एका फादरांनी नाताळच्या मिस्सेला माझा आवाज ऐकला आणि वांद्र्याच्या एका बाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. पप्पांची केळीची वाडी, त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "तिकडे गाणं शिकवतात की बिघडवतात?" प्रश्न रास्त होता. पुढे मी तो बऱ्याच संस्थांच्या बाबतीत मनात विचारला.

वांद्र्याच्या मिस मूळच्या गोव्याच्या, सत्तरी ओलांडलेल्या. जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचा अप्राइट पियानो. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगायचं, तारा ताणल्या जायच्या, पियानो किंचित चढायचा. तो स्वरात आणणारा गृहस्थ ऑक्टोबरशिवाय यायला तयार नसे, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही सगळेच जरा वरच्या पट्टीत शिकायचो. मिसनी पहिले काही महिने गाणंच दिलं नाही. हात बरगड्यांवर ठेवायचे, श्वास घ्यायचा, आणि सोडताना बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. इटालियन परंपरेत याला आपोज्जो म्हणतात. श्वास कोंडून ठेवायचा नसतो. विहिरीत कळशी सोडताना दोर हातातून जसा सावकाश जाऊ देतात, तसा तो जाऊ द्यायचा असतो. सांगायला सोपं. शरीराला हे कळायला मला कॉलेजची वर्षं लागली.

मी कंटाळले आहे असं दिसलं की मिस जेनी लिंडची गोष्ट काढायच्या. स्वीडनची ही सोप्रानो विशीत पोचली तोवर स्टॉकहोमच्या रंगभूमीवर इतकी गायली होती की आवाज थकून गेला होता. १८४१ साली ती पॅरिसला मान्वेल गार्सिया नावाच्या शिक्षकाकडे गेली. त्यानं ऐकलं आणि आधी सहा आठवडे गप्प राहायला सांगितलं. गाणं बंद, बोलणंही शक्य तितकं बंद. त्यानंतर त्यानं तिला शिकवलं, आणि पुढे तिचं नाव युरोप-अमेरिकेत झालं. याच गार्सियानं १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. घशाच्या डॉक्टरांची स्वरयंत्र तपासण्याची पुढची पद्धत त्या आरशातून निघाली. मिस ही गोष्ट सांगून वर म्हणायच्या, "घसा दिसला म्हणून गाणं ऐकू येत नाही. मी आरसा ठेवलेला नाही, बघ. कान ठेवले आहेत."

त्या काळात नातेवाइकांना मी काय शिकते हे समजावणं हा एक वेगळाच उद्योग होता. आईच्या मैत्रिणीनं, जी भजनी मंडळात गायची, विचारलं, "तुझी पट्टी कोणती?" सोप्रानोला पट्टी नसते, प्रत्येक गाण्याचा षड्ज वेगळा, हे तिला पटेना. मग मी पियानोच्या भाषेत सांगितलं. काळी चारला गाणारी बाई तारसप्तकातल्या पंचमावर पोचते तेव्हा मैफलीत वाहवा होते. आमचं अवघड काम त्या पंचमाच्या जरा वर सुरू होतं. तिथे आवाज कूस बदलतो. मधला नाद डोक्यात जातो, आणि ही बदलाबदली ऐकणाऱ्याच्या ध्यानात येता कामा नये. सोप्रानोचा प्रसिद्ध वरचा सी त्या पंचमाच्याही नऊ पट्ट्या वर आहे. तिथे स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा एकमेकांना भिडत असतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्या वर जाऊन करायचं काय?"

त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मास्तरांची होती. मिसकडे दोनेक वर्षं काढल्यावर सणाच्या मिस्सेला मी एक भक्तिगीत एकटीनं गायले. लोकांना आवडलं. मास्तर नंतर हळूच म्हणाले, "आवाज मोठा झाला गं. पण वरच्या ओळीत तू काय म्हणालीस?" मिसकडे गेले तर त्या उलट म्हणणार: वर तोंड उघड, 'ई'ला 'ई' म्हणून चिकटून बसू नकोस. दोन्ही कान माझ्या भल्याचे, आणि दोघांचं एकाच वेळी ऐकणं अशक्य.

यातलं मर्म मला बऱ्याच उशिरा, शिकवायला लागल्यावर, स्वीडनच्याच योहान सुंडबर्ग या संशोधकाच्या लेखनातून कळलं. स्वर उच्चारताना तोंडाच्या पोकळीत ठरावीक ठिकाणी नाद घुमतो. 'ई' ओळखू येतो तो साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास घुमणाऱ्या नादामुळे, 'आ'चं घुमणं त्याच्या दुपटीहून वर. आता गायिका सातशे, आठशे, हजार हर्ट्झवर गात असेल, तर 'ई'ला लागणारी घुमण्याची जागा तिच्या गाण्याच्या स्वराच्या पार खाली राहिली. तिथे घुमवायला नाद उरतच नाही. जबडा उघडून ती घुमण्याची जागा स्वराबरोबर वर न्यावी लागते, तेव्हा आवाज मोकळा होतो आणि फारसा जोर न लावता वाद्यवृंदावरून पलीकडे जातो. किंमत अशी की वरच्या टोकाला सगळे स्वर 'आ'च्या जवळ येतात. कोणीही गायलं तरी तिथे शब्द धूसर होणारच. जाणते संगीतकार हे ओळखून असतात. महत्त्वाचे शब्द ते आधी मधल्या सप्तकात ऐकवून घेतात, मग तेच शब्द वर नेतात. म्हणजे मास्तरांचं आणि मिसचं भांडण नव्हतंच; ते एकाच गाण्याच्या दोन मजल्यांवर उभे राहून बोलत होते. मास्तरांना हे सांगायला गेले तर त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आपली भक्तिगीतं इतक्या वर न्यायचीच कशाला?" वसईच्या कॉयरपुरतं त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा हा त्या वर्षांतला आणखी एक कान. मुंबईत या परीक्षांचं प्रस्थ मोठं. धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये पुस्तकं घ्यायची, आठवी ग्रेड गाठायची, मग पदविका. परीक्षक इंग्लंडहून येतो. टेबलामागे बसतो, हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो, आणि तुम्ही गात असताना लिहीत राहतो. त्या लिहिण्याचा आवाज फार वाईट. निकालाच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे दोन-तीन ओळी. सहा महिने जे कोणी सांगितलं नाही ते कधी एका ओळीत मिळायचं. कधी इतकं गुळगुळीत लिहिलेलं असायचं की ते कोणालाही लागू पडावं. मला या परीक्षांचा फायदा झाला, पण त्यांच्यामुळे मुंबईत गाण्यापेक्षा ग्रेड शिकवण्याची सवय पडली हेही खरं. पालक फोनवर आधी विचारतात, "मिस, डिसेंबरला बसवाल ना?" मुलाला गाता येतं का, हा प्रश्न नंतरचा, किंवा येतच नाही.

पदविका झाल्यावर मी व्यावसायिक गायिका झाले असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त व्यवसाय कुठे आहे हे शोधायचं होतं. व्हिएन्नात किंवा मिलानमध्ये वर्षातले बहुतेक महिने ऑपेरा चालतो, पगारी कोरस असतो, तरुण गायकाला छोट्या भूमिकांपासून चढत जाता येतं. मुंबईत तशी शिडी नाही. २००६ साली एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो, आणि तिथल्या कार्यक्रमांनी शहराचा कान घडवला यात शंका नाही. पण ऑपेरा झाला तर मुख्य भूमिकांना गायक बहुधा परदेशातून येत. आमच्यासारख्यांची जागा कोरसमध्ये. त्याआधीपासून शहराचा समूहगायनाचा कणा होता तो परंज्योती अकादमी कोरससारख्या हौशी गायकवृंदांचा. व्हिक्टर परंज्योतींनी १९५६ साली सुरू केलेला हा वृंद त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी कित्येक दशकं चालवला. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांनी या शहरात हे संगीत जिवंत ठेवलं. आणि जिला मोठी सोप्रानो व्हायचं होतं तिच्यासमोर एकच उदाहरण ठेवलं जायचं: पॅट्रिशिया रोझारियो. मुंबईत जन्मल्या, लंडनला गिल्डहॉलमध्ये शिकल्या, जॉन टॅव्हनरनं त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या. या उदाहरणातला न बोललेला भाग असा की त्या गेल्या. माझं जाणं जमलं नाही. पैशांचं गणित बसेना, त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

मग लग्नं. वांद्रे, माहीम, गिरगाव, कधी पुणे. वधू आत येताना शूबर्टची 'आवे मारिया', कम्युनियनला फ्रांकचं 'पानिस आंजेलिकुस'. आणि स्वागत समारंभात हटकून पुच्चीनीच्या 'जान्नी स्कीक्की'मधली लाउरेत्ताची आरिया. सुरावट अशी काही कोवळी आहे की वडील-मुलीच्या नृत्याला ती लावायची टूम निघाली होती. त्या गाण्यात मुलगी बापाला सांगत असते की याच्याशी लग्न लावून दिलं नाहीत तर फ्लॉरेन्सच्या जुन्या पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी टाकीन. मी डोळे मिटून गायची, वधूपिता डोळे पुसायचा. अर्थ विचारलाच कोणी तर मी आजीचं उत्तर द्यायची.

स्टुडिओचं काम याहून गमतीचं. हिंदी चित्रपटात खलनायक जिना उतरताना मागे जो गंभीर कोरस वाजतो, तो गाणारे आम्ही. अंधेरीच्या एका स्टुडिओत अरेंजरनं सांगितलं, "थोडं ऑपेरा टाइप द्या. शब्द कोणतेही, लॅटिन वाटलं पाहिजे." बाकीच्यांनी निरर्थक अक्षरं जुळवली, मला आजीची मिस्सा पाठ होती, मी खरं लॅटिन गायले. कोणाला फरक कळला नाही. माइक तोंडापासून वीतभर. सोप्रानोचा आवाज तयार होतो तो दालनात, भिंतींवर आपटून परत येताना; वीतभर अंतरावर तो नुसता टोचतो. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन पावलं मागे." मग "अजून दोन." शेवटी मी दाराला टेकले तेव्हा त्यानं अंगठा दाखवला. त्या मुलाचा कान चांगला होता. पैसे मात्र चार महिन्यांनी आले, तेही अर्धे.

घरभाडं भागलं ते शिकवण्यावर. मालाडच्या एका क्लासमध्ये तळघरातली खोली मिळाली. एका भिंतीपलीकडे ड्रम, दुसऱ्या भिंतीपलीकडे गिटार. आठ-दहा वर्षांच्या मुली यायच्या. पहिली अडचण माझ्या अपेक्षेबाहेरची होती. तोंड उघडायला सांगितलं की मुली ओठ मुडपून हसायच्या. मुलीनं मोठ्यानं बोलू नये, तोंड वासू नये, हे घराघरांत इतकं मुरलेलं की जबडा सैल सोडणं म्हणजे काहीतरी असभ्य करणं. कितीतरी तास मी गाणं न शिकवता त्यांना जांभया द्यायला लावल्या. एका आईनं दारातून पाहिलं आणि फी परत मागितली. तेरा वर्षांच्या एका मुलाचा आवाज परीक्षेच्या तोंडावर फुटला. स्वरयंत्र वाढतं, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो, मधल्या काळात कोणता स्वर निघेल याचा भरवसा नाही. त्याच्या वडिलांना वाटलं मी काहीतरी बिघडवलं. पोरगा मात्र खूश होता. त्याला आठवड्याला एकदा बोलावून मी नुसती जुनी हिंदी गाणी, त्याला झेपतील त्या चार-पाच स्वरांतली, म्हणून घ्यायची. पुढे तो चांगला बास, म्हणजे खालच्या आवाजाचा गायक, झाला.

शिकवायला लागल्यावर एक गोष्ट झाली. दुसऱ्याचा कोंडलेला स्वर ऐकताना माझाच घसा आवळला जायचा. विद्यार्थिनीची जीभ मागे ओढली गेली की माझी जीभ मागे जायची, आणि तो स्वर सुटला की मलाही सुटल्यासारखं वाटायचं. आपला आवाज आतून कसा असतो हे मिसनी कितीदा सांगितलं होतं. तो बाहेरून कसा असतो हे मालाडच्या तळघरात कळलं.

आवाजाला त्रास झाला तोही त्याच काळात, आणि तो गाण्यानं नव्हे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून लुकलुकत्या दिव्यात स्वरतंतू पाहिले. पडद्यावर ते सुजलेले, कडा लालसर. "दिवसाला किती गाता?" हे न विचारता त्यांनी विचारलं, "दिवसाला किती बोलता?" ड्रमवर आवाज चढवून सूचना देणं आणि विरार फास्टच्या लेडीज डब्यात मैत्रिणींशी गप्पा, या दोन गोष्टींनी काम केलं होतं. कुजबुजू नका, पाणी पीत राहा, आणि ते घोटभर पिऊन लगेच फरक पडेल असं समजू नका. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना स्पर्श करून जात नाही, शरीरातून फिरून पोचायला त्याला वेळ लागतो. तेव्हापासून मी गाडीत बोलत नाही. डब्यातल्या बायका बरेच दिवस मला शिष्ट समजायच्या, आता त्या जागा धरून ठेवतात.

डोंबिवलीहून येणारी एक मुलगी याच सुमाराला आली. किराणा घराण्याची तालीम झालेली, आवाज गोल, श्वास माझ्याहून लांब. तिला शीर्षस्वरात, म्हणजे डोक्यात घुमणाऱ्या आवाजात, गायचं होतं, आणि तिच्या आधीच्या गुरूंच्या दृष्टीनं तो खोटा आवाज. आमचं महिनोन् महिने चाललं ते मात्र दुसऱ्याच कारणावरून. पियानोबरोबर ती गायली की तिसरा स्वर मला उतरलेला ऐकू यायचा. मी पट्टी दाबून दाखवायची. ती ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा तिथेच लावायची. एक दिवस ती मोबाइलमधला तानपुरा चालू करून म्हणाली, "मिस, आता ऐका." त्या नादावर तिचा गंधार असा बसला की खोली भरून गेल्यासारखी वाटली. मग पियानोची पट्टी दाबली, तर ती चढलेली. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो पियानोच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका खाली आहे. पियानो सगळ्या पट्ट्यांत वाजावा म्हणून त्याचे बारा स्वर सारख्या अंतरावर ताणून बसवलेले असतात. त्यात गंधाराची ओढाताण बरीच होते. गंमत अशी की वाद्याशिवाय गाणारा चांगला गायकवृंद नकळत तानपुऱ्याच्या गंधाराकडेच उतरतो, तेव्हा स्वरमेळ घट्ट होतो. मी तिला आमच्या छोट्या वृंदात ऑल्टोंमध्ये, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांत, उभी केली आणि तिच्या आजूबाजूच्या चौघी आठवडाभरात सुधारल्या. पियानोबरोबर गाताना मात्र पियानोचं ऐकायचं, असा आमच्यात तह झाला. तिनं तो नाइलाजानं मान्य केला.

ऑक्टोबर २०१६मध्ये गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस कितीतरी वर्षांनी पुन्हा उघडलं, आणि पहिल्या कार्यक्रमात गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारियो, पियानोवर त्यांचे पती मार्क ट्रूप. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूत पुढच्या काळात बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गायले. आमच्याकडच्या मराठी माणसाला ऑपेरा परका वाटतो याचं मला म्हणूनच नवल वाटतं. नाटक थांबवून नायिकेनं आपलं मन गाण्यात ओतायचं, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आणि लोकांनी त्यासाठी कथेला खुशाल ताटकळत ठेवायचं, हे संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही काही जणांनी पदरचे पैसे घालून मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधले निवडक प्रवेश पियानोच्या साथीवर बसवले. माझ्याकडे सुझाना. चौथ्या अंकातली तिची बागेतली आरिया वरवर सोपी, संथ, रात्रीची. तरुण सोप्रानो तिला फसतात, कारण वरच्या स्वरांची तयारी केलेली असते आणि आरिया आधी तळाशी नेते. एफ हा षड्ज धरला तर तिच्यातला सगळ्यांत खालचा स्वर गंधार आणि सगळ्यांत वरचाही गंधारच, दोन सप्तकं अंतरावर. तालमीला पानं उलटायला डोंबिवलीची ती मुलगी पियानोशेजारी बसली होती. मी शेवटपर्यंत गायले. पियानोवाला म्हणाला, "सुंदर." ती काही बोलली नाही. मी विचारलं तेव्हा चुळबुळत म्हणाली, "मिस, वरचा गंधार उतरतोय."

"उतरतोय?"

"तानपुऱ्याचा लावताय तुम्ही."

पियानोवाल्यानं पट्टी दाबून धरली, मी स्वर लावला. तो हसायला लागला. पुढचा अर्धा तास आम्ही त्या एका स्वरावर घालवला. तो जागेवर आला तेव्हा मी म्हटलं, आता खालचाही बघू.

"खालचा राहू द्या, मिस," ती म्हणाली. "तो तिथे बरा लागतो."